बारा वर्षांच्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवताना

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं आणि चित्रफिती बनवायच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती उतरवून घेतली, चिन्हावर दोनदा क्लिक केलं, आणि प्रोग्रॅमऐवजी पडद्यावर एक छोटी चौकट आली. तुमचं ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर या आवृत्तीला चालत नाही, असा तिच्यातला मजकूर. मी ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चालवणारा छोटा प्रोग्रॅम, शोधला, नवा टाकला, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. चौकट तीच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहणाचा धडा आला की एक प्रश्न दरवर्षी येतो: चंद्र दर महिन्याला सूर्य आणि पृथ्वीच्या मधून जातो, तर मग दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? फळ्यावर वर्तुळं काढून याचं उत्तर देता येत नाही, कारण ते उत्तर फळ्याच्या पातळीबाहेर आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. हे फिरवून, तिरकं करून, बाजूने आणि वरून दाखवायला हवं. तेवढ्यासाठी मी ब्लेंडर शिकले. रात्री जेवणं आटोपल्यावर रोज तासभर.

माझा डेस्कटॉप २०१३ चा. एका कार्यालयाने जुने संगणक काढले तेव्हा घेतलेला. इंटेल कोअर आय५-३४७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, नंतर मी घातलेली एसएसडी, आणि मिनी टॉवर आकाराचं काळं कॅबिनेट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पडद्यावरचं सगळं चित्र प्रोसेसरच्या पोटातलं एचडी ग्राफिक्स २५०० काढतं. आणि अडचण नेमकी तिथेच होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ब्लेंडर ४.० पासून विंडोज आणि लिनक्सवर ओपनजीएल (प्रोग्रॅमने ग्राफिक्स कार्डाशी बोलायची एक ठरलेली पद्धत) ४.३ लागतं. एचडी २५०० विंडोजमध्ये ४.० पर्यंतच जातं. हे ड्रायव्हर बदलून सुटणारं नव्हतं, पण ते कळायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

तोवर मी ३.६ वर काम चालवलं. ती आवृत्ती उघडत होती, पण रेंडर, म्हणजे दृश्याचं पक्कं चित्र बनवण्याचा भार, सगळा प्रोसेसरवर. एका फ्रेमला सरासरी १ मिनिट ५० सेकंद. ४० सेकंदांची चित्रफीत, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ९६० फ्रेम. हिशेब केला तर एकोणतीस तासांच्या वर. मध्ये वीज गेली किंवा सावलीचा एक कोन चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

भाच्याला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, माझं जुनं कार्ड पडूनच आहे. घेऊन येतो. पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट आहे ना तुझ्याकडे? मग बसेल." रविवारी तो कार्ड घेऊन आला. एएमडीचं आरएक्स ५८०, दोन पंख्यांचं, हातात घेतल्यावर चांगलंच वजनदार. आम्ही कॅबिनेटची बाजू उघडली. स्लॉट, म्हणजे मदरबोर्डवरची कार्ड बसवायची खाच, होता, लांब, काळा, बरोबर त्याच मापाचा. पण कार्ड आत सरकवताना ते हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला जाऊन टेकलं. आणि पिंजरा काढून जागा केली असती तरी कार्डाच्या डोक्यावर ८ पिनांचं एक वीजतोंड होतं, आणि माझ्या पॉवर सप्लायमधून तशी एकही वायर निघत नव्हती. या कार्डाला १८५ वॉट लागतात. माझा सगळा संगणकच २६५ वॉटच्या सप्लायवर चालतो.

भाच्याची यात चूक नव्हती. स्लॉट जुळला म्हणजे कार्ड जुळलं, असं मलाही वाटत होतं. तो गेल्यावर मी वही काढली आणि ठरवलं की कार्डाकडे नंतर पाहायचं. आधी या डेस्कटॉपची नीट माहिती काढायची.

स्लॉटपासूनच सुरुवात केली, आणि स्लॉट हीच सगळ्यात कमी काळजीची गोष्ट निघाली. पीसीआय एक्स्प्रेसच्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात. नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये, जुनं कार्ड नव्या स्लॉटमध्ये चालतं, वेग मात्र दोघांपैकी जो हळू त्याचा. दुसऱ्या पिढीत एका लेनमधून, म्हणजे माहिती वाहणाऱ्या एका वाटेतून, सेकंदाला ५०० एमबी जातात, तिसऱ्या पिढीत जवळजवळ १ जीबी, चौथीत त्याच्या दुप्पट. सोळा लेनच्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमधून साधारण पावणेसोळा जीबी. मला नवीन कळलेली गोष्ट अशी की माझ्यासारख्या संगणकात मुख्य स्लॉटच्या लेन थेट प्रोसेसरमधून येतात. त्यामुळे स्लॉट कोणत्या पिढीचा हे नुसत्या मदरबोर्डवरून ठरत नाही. माझ्याच बोर्डावर त्याच्या आधीच्या पिढीचा आय५-२४०० बसवला असता तर हाच स्लॉट दुसऱ्या पिढीच्या वेगाने चालला असता. आय५-३४७० मुळे तो तिसऱ्या पिढीचा आहे.

आणखी एक. माझ्या बोर्डावर लांब स्लॉट दोन आहेत. दिसायला सारखेच. पण दुसऱ्यात टॉर्च मारून पाहिलं तर सोनेरी पिना पहिल्या भागातच आहेत, पुढची खाच रिकामी. लांबी सोळा लेनची, जोडणी चारची. जुन्या बोर्डांवर हे पुष्कळदा असतं. कार्ड त्यातही बसेल, चालू होईल, आणि आपण कारण शोधत बसू की ते एवढं मंद का. प्रोसेसरच्या जवळचा स्लॉट बहुधा खरा सोळा लेनचा असतो, पण पिना डोळ्यांनी पाहाव्यात.

आता वीज. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला समाधान आहे.

स्लॉट स्वतः कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकतो. त्यातले १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअर, म्हणजे ६६ वॉट, उरलेले ३.३ व्होल्टच्या वाटेने. याहून जास्त भूक असलेल्या कार्डाला पॉवर सप्लायकडून वेगळी वायर लागते: ६ पिनांच्या कनेक्टरमधून आणखी ७५ वॉट, ८ पिनांच्यातून १५०. म्हणून ज्यांच्या सप्लायमध्ये अशी वायरच नाही, त्यांच्यापुढची निवड फार सोपी होते. ७५ वॉटच्या आतलं, कनेक्टर नसलेलं कार्ड. बाकी सगळं बाजूला. काही चिंचोळ्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये तर स्लॉटवरही पूर्ण ७५ वॉटची परवानगी नसते. तो आकडा त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत असतो, आणि तो न पाहता कार्ड घेऊ नये.

सप्लायवरचं लेबल वाचायला मी तो चार स्क्रू काढून बाहेर घेतला. मोठ्या अक्षरात २६५ वॉट. पण पाहायचं ते त्याच्या खालचं कोष्टक. त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत आणि त्या रांगेची एकत्रित मर्यादा किती, हे महत्त्वाचं, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली बहुतेक वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. मग वहीत बेरीज मांडली. प्रोसेसर ७७ वॉट. कार्ड ७५ धरलं. मदरबोर्ड आणि रॅम मिळून ३०. हार्ड डिस्क आणि एसएसडी १०. पंखे ५. डीव्हीडी ड्राइव्ह २०. एकूण २१७. डीव्हीडी ड्राइव्ह मी कित्येक वर्षांत वापरलेला नाही, त्याची वायर काढून टाकली. १९७ उरले. सगळे भाग एकाच क्षणी पूर्ण ताणावर असतील असं सहसा होत नाही, पण मी सगळ्यात वाईट वेळ धरूनच बेरीज केली. सप्लाय बारा वर्षांचा आहे, त्याच्यातले कपॅसिटर म्हातारे झालेत, त्याच्याकडून लेबलवरचा शेवटचा वॉट मागायचा नाही.

सप्लायच बदलावा, असंही मनात आलं. पण माझ्या बोर्डाला नेहमीच्या २४ पिनांच्या जागी कंपनीने स्वतःच्या पद्धतीचा वेगळा कनेक्टर दिलेला आहे. बाजारातला सरळ एटीएक्स सप्लाय त्याला लागत नाही. ऑफिससाठी बनलेल्या तयार डेस्कटॉपमध्ये हे वारंवार आढळतं, म्हणून नवा सप्लाय घेऊ म्हणणाऱ्याने आधी बोर्डावरच्या पिना मोजाव्यात.

भाच्याने दरम्यान एक जोडवायर सुचवली होती, साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, वीजतोंडातून ६ पिनांचा कनेक्टर काढणारी. मी त्याला नको म्हटलं आणि इथेही अगदी ठासून लिहिते: ती वापरू नका. साटाच्या वीजतोंडात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. तीन मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. पलीकडचं कार्ड मात्र ७५ वॉट मिळणार असं समजून ओढत राहतं. प्लास्टिक वितळतं, वायर जळते. कॅबिनेट बंद असल्यामुळे हे दिसत नाही, वास येतो तेव्हा कळतं. तसंच प्रोसेसरसाठी असलेला ८ पिनांचा कनेक्टर आणि ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टर दिसायला भावंडं असली तरी त्यांच्यातल्या धन आणि ऋण वायरी उलट्या जागी असतात. जोर लावून बसवण्याचा विचारही करू नये.

मापं घेणं हे त्यामानाने सुखाचं काम. मी शिवणकामाचा फीत-टेप वापरला. मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २१ सेंटिमीटर. पण बोर्डाच्या कडेला साटाच्या वायरी आडव्या बाहेर येतात, त्या कार्डाखाली दबू नयेत म्हणून मी १९ धरले. मुख्य स्लॉटखालची जागा रिकामी आहे, तेव्हा दोन स्लॉट जाडीचं कार्ड मावेल. मिनी टॉवर असल्यामुळे कार्डाच्या टोकाची पूर्ण उंचीची धातूची पट्टी चालते. तुमचं कॅबिनेट चिंचोळं असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्ड लागेल, आणि कार्डाबरोबर छोटी पट्टी येते का हे विचारून घ्या. जुनं कार्ड विकत घेताना ती पट्टी हरवलेली असते.

तर आता वहीत अटी तयार होत्या: ७५ वॉटच्या आत, कनेक्टरशिवाय, १९ सेंटिमीटरच्या आत, ओपनजीएल ४.३ च्या पुढे, आणि ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररला हातभार लावणारं.

जीटी १०३० सगळ्यात आधी बाद केलं. ३० वॉटचं, सोज्वळ कार्ड आहे, पण रेंडरला त्याची ताकद अपुरी, आणि त्याच्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे चित्रफीत दाबून साठवणारा भाग, नाही. मी धडे सांगताना पडदा रेकॉर्ड करते, तेव्हा एन्कोडर मला हवाच. शिवाय याच नावाची दोन कार्डं आहेत. पहिलं जीडीडीआर५ स्मृतीचं, २०१७ चं. दुसरं २०१८ मध्ये आलेलं, डीडीआर४ चं. पहिल्याच्या स्मृतीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १७ च्याही आत. खोक्यावरचं मोठं नाव मात्र एकच. जुन्या संगणकासाठी स्वस्तातलं काहीतरी शोधणारा माणूस नेमका इथे फसतो, आणि मला याचा खरोखर राग येतो.

एएमडीचं आरएक्स ६४०० माझ्या अटींत बरंचसं बसत होतं. ५३ वॉट, कनेक्टर नाही, आकार छोटा. पण त्याच्या लेन चारच. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्या चार लेन सेकंदाला पावणेआठ जीबी वाहून नेतात, माझ्या तिसऱ्या पिढीत त्याच्या निम्म्या, आणि दुसऱ्या पिढीच्या बोर्डावर तर २ जीबी. ४ जीबी स्मृती भरली की खेळांमध्ये हा फरक जाणवतो. ब्लेंडरमध्ये दृश्य एकदा कार्डावर चढलं की ये-जा कमी असते, तेव्हा माझं कदाचित फार बिघडलं नसतं. पण एन्कोडर याच्यातही नाही. नवं कार्ड म्हणजे जुन्या संगणकाला जास्त योग्य, असं नसतं हे मला याच कार्डाने शिकवलं. इंटेलची आर्क कार्डंही त्याच कारणासाठी सोडली. रीसायझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी स्मृती एकदम वापरू देणारी) चालू नसेल तर त्यांचा वेग बराच पडतो, आणि माझ्या २०१३ च्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, ती सोय नाही.

उरली एनव्हीडियाची दोन कार्डं. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय आणि एप्रिल २०१९ चं जीटीएक्स १६५०. दोघांची भूक ७५ वॉट, दोघांची स्मृती ४ जीबी, दोघांना सोळा लेन. १०५० टीआय सहज मिळत होतं. निर्णय ड्रायव्हरने केला. १०५० टीआय पास्कल पिढीचं आहे, आणि एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीला नेहमीचे ड्रायव्हर देणं थांबवलं. पुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. १६५० ट्युरिंग पिढीचं, त्याचे ड्रायव्हर चालू आहेत. यंत्र जुनं असलं म्हणून त्यात घालायची वस्तूही निवृत्तीला आलेली घ्यायची हे मला पटलं नाही. २०२४ चं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० सुद्धा ७० वॉटमध्ये, बिनकनेक्टरचं मिळतं. ते जास्त चांगलं आहे, पण माझ्या ऐपतीबाहेर होतं.

१६५० घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागले. हेच नाव असलेल्या काही कार्डांवर कारखान्यातच वेग वाढवलेला असतो आणि त्यांना ६ पिनांची वायर लागते. मी पाहिलेल्या एका विक्रेत्याच्या पानावर "सर्व डेस्कटॉपना चालते" असं ठळक लिहिलं होतं आणि चित्रात कार्डाच्या कडेला ६ पिनांचं तोंड स्पष्ट दिसत होतं. मी एका पंख्याचं, कनेक्टर नसलेलं, साडेसोळा सेंटिमीटर लांबीचं, वापरलेलं कार्ड निवडलं आणि देणाऱ्याकडून कडेचे चारही बाजूंचे फोटो मागवले.

मॉनिटरचं तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतकी वर्षं माझा मॉनिटर निळ्या टोकाच्या व्हीजीए वायरवर चालतोय. जीटीएक्सच्या १००० मालिकेपासून एनव्हीडियाने कार्डावरून ॲनालॉग सिग्नल काढूनच टाकला. व्हीजीए तर नाहीच, पण डीव्हीआयचं तोंड असलं तरी ते फक्त डिजिटल, त्याला साधी डीव्हीआय-व्हीजीए टोपी लावून काही उपयोग नाही. आत चिप असलेला रूपांतरक लागतो. माझं नशीब की मॉनिटरच्या मागे धुळीत एक डीव्हीआय तोंडही होतं, आणि कार्डावरही. मात्र वायर घेताना तिच्या पिना पाहिल्या. चपट्या पात्याभोवती चार जास्तीच्या पिना असलेली डीव्हीआय-आय वायर डिजिटल तोंडात शिरत नाही.

कार्ड आलं त्या दिवशी मी शाळेतून थेट घरी आले. आधी जुन्या ग्राफिक्सवर संगणक सुरू करून बायोसची आवृत्ती पाहिली, ती २०१३ चीच होती. हे मी लिहून ठेवलं आणि दुर्लक्ष केलं. मग वीज काढली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. कार्ड स्लॉटवर सरळ धरून दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला. स्लॉटच्या शेवटची कळ टक करून बसली. स्क्रू लावला, मॉनिटरची वायर कार्डाला जोडली.

सुरू केल्यावर पंखा फिरला. पडदा काळा. पाच मिनिटं थांबले. काळाच.

अशा वेळी माणूस पहिल्यांदा कार्डावर संशय घेतो. मी वायर पुन्हा पाहिली, कारण मदरबोर्डच्या तोंडाला वायर राहून जाणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. ती नव्हती. कार्ड काढलं, पुन्हा बसवलं. नाही. मग वहीतली ती ओळ दिसली: बायोस २०१३. कार्ड २०१९ चं. मधल्या सहा वर्षांत संगणक सुरू होण्याची पद्धतच बदललेली. जुना बायोस कार्डावरचा एक ठराविक प्रोग्रॅम शोधतो, त्याच्या जागी आलेला यूईएफआय वेगळा शोधतो, आणि २०१२-१३ च्या आसपासचे बोर्ड या दोन काळांच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या सुरुवातीच्या आवृत्त्या नव्या कार्डांपुढे अडखळतात.

कार्ड काढलं, जुन्या ग्राफिक्सवर परत आले, कंपनीच्या संकेतस्थळावरून माझ्या नेमक्या मॉडेलची शेवटची बायोस आवृत्ती घेतली. ती २०१८ ची होती. बायोस बदलताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला. ती चार मिनिटं मी खुर्चीवरून हलले नाही. नंतर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरीही बदलली, बारा वर्षांत ती कुणी बदलली नसणार. बायोसच्या सेटिंगमध्ये आधी कार्डाकडे बघ, असं ठरवून दिलं. एक गोष्ट मात्र मुद्दाम केली नाही: लेगसी, म्हणजे जुन्या बायोसची, पद्धत बंद केली नाही. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे माझ्याकडे लेगसी लिहिलेलं आहे. ती बंद केली असती तर चित्र आलं असतं, पण विंडोज सुरू झालं नसतं.

कार्ड पुन्हा बसवलं. या वेळी दोन सेकंदांत कंपनीचं चिन्ह पडद्यावर आलं, आणि मी एकटीच खोलीत मोठ्याने "आलं!" म्हणाले.

ड्रायव्हर टाकल्यावर कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं, तर तिथे पुन्हा धस्स झालं. बस इंटरफेसपुढे लिहिलेलं: सोळा लेन ३.०, पण सध्या १.१ वर. म्हणजे पहिल्या पिढीचा वेग! मग कळलं की काम नसताना वीज वाचवायला कार्ड स्वतःच हा वेग उतरवतं. त्याच ओळीशेजारी प्रश्नचिन्हाचं बटण आहे. ते दाबलं की छोटी चाचणी सुरू होते आणि कार्डावर थोडा भार येतो. आकडा लगेच ३.० झाला, लेन सोळाच्या सोळा. १.१ पाहून कार्ड परत करायला निघालेल्यांनी आधी ते बटण दाबावं.

पहिल्या रात्री मी रेंडर लावून झोपले नाही. व्होल्ट आणि तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो प्रोग्रॅममध्ये १२ व्होल्टची ओळ उघडी ठेवून दोन तास बसले. नियमानुसार ती ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहायला हवी. सॉफ्टवेअरमधला हा आकडा मीटरइतका नेमका नसतो, पण भार आल्यावर तो खाली घसरतोय का, हे त्यातून दिसतं. पूर्ण भारावर तो ११.९ च्या आसपास स्थिर राहिला. कार्डाचं तापमान ६८ वर थांबलं. मागचा जुना पंखा मी आधीच झाडून घेतला होता, त्याच्यावर बोटभर धूळ होती.

ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन सायकल्ससाठी ऑप्टिक्स (एनव्हीडियाच्या कार्डावर रेंडर करायची पद्धत) निवडावं लागतं, ते आपोआप होत नाही. १६५० मध्ये किरणांचा माग काढणारे खास भाग नाहीत, तरी ऑप्टिक्स त्याच्यावर चालतं. तीच फ्रेम, तेच दृश्य: १४ सेकंद. पूर्वी १ मिनिट ५० सेकंद. ९६० फ्रेम पावणेचार तासांत. शनिवारी दुपारी लावली आणि संध्याकाळी चंद्राची सावली पृथ्वीच्या उत्तर ध्रुवावरून, तिला न शिवता, अंतराळात निघून जाताना पाहिली. नंतरच्या एका अमावास्येला ती खालून गेली. मग ती नेमकी पृथ्वीवर पडली, काळ्या ठिपक्यासारखी. सोमवारी वर्गात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, मागे घ्या ना, ते वरून गेलं ते परत दाखवा." आम्ही ते चार वेळा पाहिलं.

ही सगळी हकीकत ऐकून आमच्या भूगोलाच्या बाईंनी त्यांच्या घरच्या संगणकाबद्दल विचारलं. त्यांनाही वाऱ्यांच्या दिशा अशाच दाखवायच्या आहेत. मी त्यांना बाजू उघडून तीन फोटो पाठवायला सांगितले: स्लॉट आतून, सप्लायवरचं लेबल, आणि प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडचं पहिलं पान. स्लॉट सोळा लेनचा निघाला. सप्लाय ३०० वॉटचा. जागा भरपूर. मग तिसरा फोटो पाहिला: कोअर २ ड्युओ ई८४००. ब्लेंडर ४.२ पासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ नावाचा आज्ञासंच लागतो, आणि इंटेलने तो याच्या पुढच्या पिढीपासून दिला. ई८४०० मध्ये ४.१ पर्यंतच आहे. कितीही चांगलं कार्ड घातलं तरी नवं ब्लेंडर त्या संगणकावर उघडणार नाही.

त्यांना तसं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. आता ठरलंय असं की त्या ३.६ मध्ये दृश्य बांधणार, फाईल मला देणार, आणि शनिवारी दुपारी ती माझ्याकडे रेंडर होणार. पहिली फाईल काल आली आहे. मोसमी वारे आहेत, बाण थोडे मोठे झालेत, ते आम्ही दोघी उद्या मधल्या सुट्टीत बसून लहान करणार आहोत.